बावन्न निऱ्या

सर्व्हिस सेंटरातल्या पोरानं दराचा कागद माझ्याकडं फिरवला.
कंपनीचा ऑइल फिल्टर, चारशे दहा.
"बाहेरचा लावलात तर वॉरंटीचं
आम्ही काही सांगू शकत नाही, मॅडम."
काय सांगू शकत नाही
ते मात्र त्यानं दोनदा सांगितलं.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्री हसला.
"ताई, इंजिनाला वाचता येतंय व्हय?
एकशेनव्वदला देतो.
बिल पायजे तर बिल बी देतो, पक्कं."

मी गप्प.
गोकुळ शिरगावच्या एका शेडमध्ये सोळा वर्षं
मी फिल्टरच्या निऱ्या मोजल्यात.
साहेब लोक प्लीट म्हणायचे, आम्ही बायका निऱ्या.
पिवळट कागद मशीनमधून चुणत चुणत यायचा,
टोकाला टोक जुळवून गोल करायचा,
बावन्न भरल्या तर जोडावर हिरवा ठिपका,
एकावन्न भरल्या तर लाल पेटी.
घरी साडी नेसताना ओठ हलायचे.
नवरा विचारायचा, कुठला मंत्र म्हणतीस?

म्हणून एकशेनव्वद मोजले आणि म्हटलं,
लावू नका. कापा.

"नवा कोरा?"
नवा कोरा. आणि हा पण.
पहिल्या सर्व्हिसला निघालेला कंपनीचा फिल्टर
मी मागून घेतला होता,
सीटखाली दुधाच्या पिशवीत होता.

हॅक्सॉ दोन्ही डब्यांवरनं फिरला. कीस सांडला.
एकाच्या निऱ्या काळ्या, तेल प्यालेल्या,
दुसऱ्याच्या कोऱ्या.
बोटानं मोजल्या. बावन्न.
बावन्न.
दोन्ही जोडांवर हिरवा ठिपका.
कोऱ्यावरचा जरा लांबट,
शिफ्ट सुटायच्या वेळी असा पडतो,
एक पाय चपलेत असताना.

"बगा," मिस्त्री म्हणाला, "एकाच आईची लेकरं.
वरचे दोनशेवीस खोक्याचे."

मी बूड उलटं करून आत बोट घातलं.
कंपनीच्यात नारिंगी रबर,
कानाच्या पाळीसारखं, वाकवलं की परत येणारं.
ह्याच्यात काळं. ताठ.
त्या रबराचं काम रात्रीचं असतं.
इंजिन बंद झालं की तेल खाली सरकू द्यायचं नाही.
ते ढिलं पडलं तर पहाटे पहिली किल्ली फिरवली की
दोन सेकंद कोरडी खडखड.
दोनच सेकंद. पण रोज.

पहाटे पाचला मी निघते.
जयसिंगपूर, इचलकरंजी, मागं कांदा-लसूण मसाल्याची पोती.
माझं पाकीट माझ्या नावाचं.
तोच मसाला शाहूपुरीत एक शेटजी
सोनेरी लेबल लावून विकतात, किलोला साठ जास्त.
बायका विचारतात, दोन्हीत चांगला कुठला?
मी सांगते, एकच डंक, एकच हात, फरक काय असणार?
खोटं नाही ते.
फक्त शेटजींच्या घाण्यात ब्याडगी अर्धा किलो जास्त पडते
आणि तीळ मागल्या महिन्याचे नसतात.
कारण शेटजी प्रत्येक पोतं उघडून वास घेतात.
माझ्या पाकिटाचा वास कोण घेत नाही.
माझ्यावर विश्वास आहे.

हे मिस्त्रीला सांगितलं नाही.
चहा घेतला. त्याची करवतीची मजुरी त्यानं घेतली नाही.
परत सर्व्हिस सेंटर. चारशे दहा.
बिल प्लॅस्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या खणात.
एक कागद तेल गाळणार,
एक कागद भांडण.
वॉरंटीला अजून अकरा महिने आहेत,
पुढचं पुढं बघू.

कापलेला कोरा फिल्टर मात्र घरी आणलाय.
डंकाशेजारी फळीवर ठेवलाय, काळं रबर वर करून.
कामाला येणारी सुनंदी म्हणाली, हे काय वो मावशी?
म्हटलं, काही नाही.
तिळाचा डबा आण.
झाकण काढ, आधी वास घेऊ.